डेन्व्हरने ब्रूस ब्राऊनला का जाऊ दिलं? एनबीएची सॅलरी कॅप सोप्या भाषेत

१२ जून २०२३ ला डेन्व्हर नगेट्सने मायामी हीटला हरवून एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचं आपलं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या अंतिम मालिकेचा निकाल जवळपास पक्का झाला होता तो आधीच्या, म्हणजे चौथ्या सामन्यात. चौथ्या क्वार्टरमध्ये डेन्व्हरचा सर्वोत्तम खेळाडू निकोला जोकिच याचे पाच फाउल झाले आणि त्याला बाकावर बसावं लागलं. मायामीचं घरचं मैदान, प्रेक्षक पेटलेले. अशा वेळी ब्रूस ब्राऊन नावाच्या राखीव गार्डने त्या एका क्वार्टरमध्ये ११ गुण केले. सामन्यात त्याचे एकूण २१ झाले आणि डेन्व्हर ३-१ ने पुढे गेलं.

पुढच्या तीन आठवड्यांत हाच ब्राऊन इंडियाना पेसर्सचा झाला. पेसर्सने त्याला दोन वर्षांसाठी साडेचार कोटी डॉलर देऊ केले, त्यातले २ कोटी २० लाख पहिल्याच वर्षी. डेन्व्हरला त्याला पहिल्या वर्षी जास्तीत जास्त किती देता आले असते? साधारण ७८ लाख. मालकाने तिजोरी उघडून ठेवली असती तरी एवढेच.

अशी बातमी आली की राग सहसा मालकावर निघतो. विजेतेपद मिळवून देणाऱ्या खेळाडूला सोडतात म्हणजे काय, असं वाटणं साहजिकच आहे. पण एनबीएमध्ये उन्हाळ्यात घडणाऱ्या बहुतेक घडामोडींचं उत्तर ‘पैसे किती आहेत’ या प्रश्नात सापडत नाही. पैसे कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या क्रमाने खर्च करायची मुभा आहे, ते पाहावं लागतं. ते एकदा लक्षात आलं की विचित्र वाटणारे निर्णय चक्क समजायला लागतात.

मर्यादा आहे, पण ओलांडता येते

आपल्याला आयपीएलच्या लिलावातली पर्स माहीत आहे. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होते. आधीचे खेळाडू ठेवायचे तर त्यांची रक्कमही त्यातूनच वजा होत होती. पर्स संपली की हात वर. एनबीएची सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा, तशी नाही. ती ओलांडता येते, आणि बहुतेक चांगले संघ ती ओलांडूनच बसलेले असतात. मात्र मर्यादेच्या खाली असताना संघ बाहेरच्या कोणाही खेळाडूला त्या मोकळ्या जागेत घेऊ शकतो. एकदा वर गेला की त्याला नियमांनी आखून दिलेल्या ठरावीक सवलतींमधूनच करार करता येतात. प्रत्येक सवलतीची रक्कम वेगळी, अटी वेगळ्या.

ही पद्धत १९८४-८५ च्या हंगामात सुरू झाली. तेव्हा मर्यादा होती ३६ लाख डॉलर. २०२३-२४ मध्ये ती १३ कोटी ६० लाख होती आणि २०२५-२६ मध्ये १५ कोटी ४६ लाख. आकडा कोणाच्या मनावर ठरत नाही. लीगला बास्केटबॉलमधून जे उत्पन्न मिळतं, त्यातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंचा, असा मालक आणि खेळाडू संघटना यांच्यात करार आहे. मर्यादा त्या उत्पन्नावरून निघते. टीव्हीचे हक्क महाग विकले गेले की मर्यादा वर जाते.

खेळाडूच्या पगारालाही कमाल हद्द आहे, आणि ती याच मर्यादेच्या टक्केवारीत मोजतात. सहा वर्षांपर्यंतच्या अनुभवाला २५ टक्के, सात ते नऊ वर्षांना ३० टक्के, दहा किंवा त्याहून जास्त वर्षांना ३५ टक्के. मोठे पुरस्कार मिळवणाऱ्याला वरची पायरी लवकर गाठता येते. जोकिचला २०२३-२४ मध्ये मिळाले ४ कोटी ७६ लाख डॉलर, म्हणजे बरोब्बर ३५ टक्के.

आता डेन्व्हरचा हिशेब मांडू. जोकिच ४ कोटी ७६ लाख, जमाल मरे ३ कोटी ३८ लाख, मायकेल पोर्टर ज्युनियर ३ कोटी ३४ लाख, एरन गॉर्डन २ कोटी २३ लाख, केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप १ कोटी ४७ लाख. मैदानावर उतरणाऱ्या पहिल्या पाच जणांचीच बेरीज १५ कोटी १८ लाख होते. मर्यादा १३ कोटी ६० लाख. म्हणजे मोकळी जागा नावालाही नाही, आणि ब्राऊनसाठी सवलतीचाच मार्ग उरला.

लॅरी बर्डचं नाव, ब्राऊनचं नशीब

सगळ्यात मोठी सवलत लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाते. १९८३ मध्ये मर्यादेचा करार झाला तेव्हा स्वतःच्या घडवलेल्या ताऱ्याला संघाला मुकावं लागू नये, अशी तरतूद केली गेली. बॉस्टन सेल्टिक्सचा लॅरी बर्ड हे त्याचं ठळक उदाहरण, म्हणून ‘बर्ड राइट्स’. एखादा खेळाडू सलग तीन हंगाम तुमच्याकडे असेल (मधे त्याची अदलाबदल झाली तरी वर्षं मोजली जातात), तर मर्यादा कितीही ओलांडलेली असली तरी तुम्ही त्याला कमाल पगारापर्यंत देऊ शकता.

दोन हंगाम झाले असतील तर हक्क अर्धवट मिळतो. आधीच्या पगाराच्या १७५ टक्के किंवा लीगच्या सरासरी पगाराच्या १०५ टक्के, यातलं जे जास्त असेल तिथपर्यंत. आणि एकच हंगाम झाला असेल तर आधीच्या पगाराच्या १२० टक्के.

ब्राऊन डेन्व्हरमध्ये एकच हंगाम खेळला होता. २०२२ मध्ये तो आला तेव्हा डेन्व्हर आधीच खर्चात होतं, म्हणून त्याला सुमारे ६५ लाखांच्या एका छोट्या सवलतीत बसवलं होतं. त्याचे १२० टक्के केले की येतात ते ७८ लाख. लक्झरी टॅक्स (पगाराचा खर्च ठरावीक रेषेच्या वर गेला की लागणारा कर) भरणाऱ्या संघांसाठी असलेली दुसरी सवलत २०२३ मध्ये ५० लाखांची होती, म्हणजे त्याहूनही कमी.

एक मार्ग होता. ब्राऊनच्या करारात दुसऱ्या वर्षाचा पर्याय त्याच्या हातात होता, ६८ लाखांचा. तो स्वीकारून तो आणखी एक वर्ष थांबला असता, तर डेन्व्हरला अर्धवट बर्ड हक्क मिळाला असता आणि पुढच्या उन्हाळ्यात चांगला करार देता आला असता. पण त्यासाठी त्याला समोर आलेल्या २ कोटी २० लाखांवर पाणी सोडावं लागलं असतं. मधल्या वर्षात गुडघा गेला तर? पाच वर्षांपूर्वीपर्यंत कॉलेजात खेळणाऱ्या मुलाने दीड कोटी डॉलरची जोखीम घ्यावी, असं मी तरी म्हणणार नाही. त्याने योग्य तेच केलं.

‘थांब, पुढच्या वर्षी तुला भरपाई करू’ असा शब्द गुपचूप द्यायलाही बंदी आहे, आणि ती कडक आहे. मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ज्यो स्मिथशी हेच केलं होतं. काही वर्षं त्याने कमी पगारावर छोटे करार करायचे, बर्ड हक्क तयार झाले की मोठी रक्कम घ्यायची, असा छुपा करार होता. २००० मध्ये तो उघड झाला. लीगने स्मिथचा करार रद्द केला, संघाला ३५ लाख डॉलर दंड केला आणि ड्राफ्टमधल्या (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या) पहिल्या फेरीच्या अनेक निवडी काढून घेतल्या. बर्ड हक्काची किंमत काय आहे हे या शिक्षेवरून कळतं.

इंडियानाला मात्र हे जमलं कारण ते मर्यादेच्या खाली होते. त्यांचा सर्वोत्तम खेळाडू टायरिस हॅलिबर्टन अजून नवख्या खेळाडूच्या स्वस्त करारावर होता. त्याचा मोठा करार पुढच्या हंगामापासून लागू होणार होता. शिवाय प्रत्येक संघाला मर्यादेच्या किमान ९० टक्के खर्च करावाच लागतो. (हाच पेसर्स संघ ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्जशी दोन सामने खेळून गेला होता. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच.)

ब्राऊनच्या कराराचं दुसरं वर्ष संघाच्या मर्जीवर ठेवलेलं होतं, यातली हुशारी सहा महिन्यांनी दिसली. मर्यादा ओलांडलेल्या संघांना अदलाबदल करताना दोन्ही बाजूंचे पगार ठरावीक प्रमाणात जुळवावे लागतात. जानेवारी २०२४ मध्ये इंडियानाला टोरोंटोकडून पास्कल सियाकम हवा होता. त्याचा पगार पावणेचार कोटींच्या वर. त्याच्या बदल्यात पाठवलेल्या पगारांत सगळ्यात मोठा कोणाचा? ब्राऊनचा. तो टोरोंटोला गेला, सियाकम इंडियानात आला आणि २०२५ मध्ये इंडियाना थेट अंतिम फेरीत खेळली. जास्त वाटणारा पगारही संघाला हवाहवासा का असतो, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं क्वचितच मिळेल. ब्राऊन पुढे न्यू ऑर्लिन्समार्गे २०२५ च्या उन्हाळ्यात किमान पगारावर पुन्हा डेन्व्हरला आला.

आधी कोण, नंतर कोण

नियमांचा सगळ्यात सुंदर वापर क्रमात दिसतो. त्यासाठी फिलाडेल्फियाचा २०२४ चा उन्हाळा जवळून बघू.

करार संपलेला खेळाडू संघाच्या हिशेबातून लगेच बाहेर पडत नाही. त्याच्यावरचा हक्क राखायचा असेल तर त्याच्या नावाने एक रक्कम मर्यादेत धरून ठेवली जाते. तिला ‘कॅप होल्ड’ म्हणतात. ही रक्कम त्याच्या जुन्या पगारावरून काढतात, नव्या अपेक्षित पगारावरून नाही. सगळी गंमत इथेच आहे.

टायरिस मॅक्सी हा फिलाडेल्फियाचा तरुण गार्ड. २०२३ मध्येच त्याच्याशी मोठा करार वाढवता आला असता, पण संघाने त्याला एक वर्ष थांबायला सांगितलं आणि तो थांबला. त्याचा जुना पगार ४३ लाख होता, त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात त्याचा कॅप होल्ड फक्त १ कोटी ३० लाख भरला. आधीच करार केला असता तर ३ कोटी ५१ लाख धरावे लागले असते. म्हणजे २ कोटी २१ लाखांची जागा नुसत्या थांबण्याने मिळाली.

मर्यादा होती १४ कोटी ६ लाख. जोएल एम्बीडचे ५ कोटी १४ लाख ठरलेले. बाहेरून आणायच्या पॉल जॉर्जला कमाल पगार द्यायचा तर ४ कोटी ९२ लाख. मॅक्सीचे पूर्ण पैसे धरले तर तिघांतच १३ कोटी ५७ लाख संपतात, आणि संघातल्या रिकाम्या जागांपोटीही नियम थोडी थोडी रक्कम धरतो, त्यामुळे जॉर्जला पूर्ण पगार देणं अशक्य झालं असतं. कॅप होल्ड धरला तर जॉर्जही बसतो आणि वर एखाददुसऱ्या खेळाडूला जागाही उरते. म्हणून आधी जॉर्जशी चार वर्षांचा २१ कोटी २० लाखांचा करार झाला. मोकळी जागा वापरून झाल्यावर मॅक्सीला बर्ड हक्काखाली, मर्यादा ओलांडून, पाच वर्षांचे २० कोटी ४० लाख दिले. क्रम उलटा केला असता तर हे जमलं नसतं. बातम्यांमध्ये ‘तोंडी सहमती झाली, सही नंतर’ असं वाचलं की बहुतेक वेळा मागे हाच क्रम सांभाळणं असतं.

नियम चोख वापरले म्हणजे संघ जिंकतो असं मात्र नाही. दुखापतींमुळे त्या हंगामात एम्बीड १९ सामने खेळला, जॉर्ज ४१, आणि फिलाडेल्फियाने ८२ पैकी फक्त २४ जिंकले.

दुसऱ्या बाजूला लॉस एंजेलिस क्लिपर्स. त्यांनी जॉर्जला तीन वर्षांचे सुमारे १५ कोटी देऊ केले होते, चौथं वर्ष द्यायला ते तयार नव्हते. तो गेला. मग ते पैसे दुसऱ्या ताऱ्यावर का खर्च केले नाहीत? कारण जॉर्ज गेल्यावरही क्लिपर्स मर्यादेच्या वरच होते. पाच कोटींचा खेळाडू गेला म्हणून पाच कोटींची जागा तयार होत नाही. हे कळलं की बर्ड हक्क असलेल्या खेळाडूला संघ कधीकधी बाजारभावापेक्षा जास्त का देतात, तेही कळतं. तो गेला तर त्याच्या जागी त्या दर्जाचा कोणी आणायचा मार्गच नसतो.

एकदा सगळ्यांकडेच पैसे आले

२०१६ चा उन्हाळा वेगळा सांगायला हवा. नव्या टीव्ही करारामुळे मर्यादा एका वर्षात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करू, असं लीगने सुचवलं होतं, खेळाडू संघटनेने नकार दिला. जवळपास सगळ्या संघांकडे एकदम जागा झाली, पण चांगले खेळाडू तेवढेच होते. लेकर्सने टिमोफे मोझगॉव्हला चार वर्षांचे ६ कोटी ४० लाख दिले, लुओल डेंगला ७ कोटी २० लाख. न्यूयॉर्कने ज्योकिम नोआला तेवढेच. तिन्ही करार संघांना पुढे वर्षानुवर्षं जड गेले.

आणि ज्या संघाने नुकतेच ७३ सामने जिंकले होते, त्या गोल्डन स्टेट वॉरियर्सलाही केव्हिन ड्युरँटसाठी जागा करता आली. घोट्याच्या दुखापतींमुळे स्टेफन करीने २०१२ मध्ये चार वर्षांचा फक्त ४ कोटी ४० लाखांचा करार केला होता, तो अजून चालू होता. हॅरिसन बार्न्सवरचा हक्क सोडला, अँड्र्यू बोगटला डॅलसला पाठवलं, ड्युरँट आला. पुढच्या दोन्ही वर्षी विजेतेपद त्यांचंच. हे पुन्हा होऊ नये म्हणून २०२३ च्या करारात वाढीला वर्षाला १० टक्क्यांची हद्द घातली. नवा ११ वर्षांचा प्रचंड टीव्ही करार लागू झाला त्या २०२५-२६ मध्ये मर्यादा नेमकी १० टक्क्यांनीच वाढली.

आता खरी भीती एप्रनची

मर्यादेच्या वर लक्झरी टॅक्सची रेषा असते. २०२५-२६ मध्ये ती १८ कोटी ७९ लाखांवर होती. तिच्या वर गेलं की जादा डॉलरमागे कर लागतो, पहिल्या टप्प्यात एक डॉलर, आणि जो संघ वारंवार भरतो त्याला तीन. पुढचे टप्पे अधिक चढे. श्रीमंत मालक हा कर भरायचे आणि पुढे जायचे. कराच्या रेषेवर आधीच आणखी एक रेषा होती, म्हणून २०२३ च्या करारात तिच्याही वर दुसरी आली. या दोन रेषांना एप्रन म्हणतात. दुसरा एप्रन २०२५-२६ मध्ये २० कोटी ७८ लाखांवर होता.

त्याच्या वर गेलेल्या संघाला बाहेरून फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) घ्यायचा तर किमान पगारावरच. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. सात वर्षांनंतरची ड्राफ्टची पहिल्या फेरीतली निवड गोठवली जाते, कोणाला देता येत नाही. वारंवार वर राहिलात तर ती निवड फेरीच्या शेवटी ढकलली जाते. पैशाचा दंड मालक सोसतो. हा दंड थेट संघबांधणीला बसतो, म्हणून तो चालतो.

न्यूयॉर्कच्या जेलन ब्रन्सनने २०२४ मध्ये काय केलं ते याच संदर्भात पाहायचं. एक वर्ष थांबला असता तर त्याला पाच वर्षांचे २६ कोटी ९० लाख मिळू शकले असते. त्याने चार वर्षांचे १५ कोटी ६५ लाख आधीच घेतले. संघाला एप्रनखाली राहून दुसरे खेळाडू सांभाळता यावेत, यासाठी याहून मोठी मदत खेळाडू करू शकत नाही.

२०२४ चे विजेते बॉस्टन सेल्टिक्स एका वर्षात विखुरले. त्यांचा तारा जेसन टेटमची टाचेमागची शीर (अकिलीस) तुटली, पुढच्या वर्षीचा पगार आणि कर मिळून ५० कोटी डॉलरच्या आसपास जाण्याचा अंदाज होता. २०२५ च्या उन्हाळ्यात ज्रू हॉलिडे पोर्टलंडला गेला, क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस अटलांटाला, आणि अल हॉरफर्ड व लूक कॉर्नेट हे फ्री एजंटही निघून गेले.

या नियमामागचा हेतू मला पटतो. चार-पाच श्रीमंत शहरांनी सगळे तारे गोळा करू नयेत, हे बरोबरच आहे. पण अंमलबजावणीत एक मोठी चूक आहे असं माझं मत आहे. बाहेरून विकत आणलेला खेळाडू आणि स्वतः निवडून वाढवलेला खेळाडू, दोघांचा पगार एप्रनच्या हिशेबात सारखाच धरतात. डेन्व्हरने जोकिचला २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडलं, जेव्हा त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष नव्हतं. मरे २०१६ मध्ये सातवा, पोर्टर २०१८ मध्ये चौदावा. तिघांनाही याच संघाने घडवलं. मोठ्या शहराच्या जोरावर कोणाला ओढून आणलं नाही. ज्या तत्त्वाने बर्ड राइट्स दिले, त्याच तत्त्वाने अशा खेळाडूंचा काही भाग एप्रनमधून वगळायला हवा.

तसं नसल्यामुळे ब्राऊननंतर वर्षभरात कॉल्डवेल-पोपही गेला. त्याच्यावर डेन्व्हरचा पूर्ण बर्ड हक्क होता, १२० टक्क्यांची अडचण नव्हती. पण त्याला ऑरलँडोने तीन वर्षांचे ६ कोटी ६० लाख देऊ केले होते, आणि तेवढे दिले असते तर डेन्व्हर दुसऱ्या एप्रनच्या वर गेलं असतं. २०२५ च्या उन्हाळ्यात पोर्टरची पाळी आली. त्याला ब्रुकलिनला पाठवून डेन्व्हरने कॅम जॉन्सन घेतला, ज्याचा पगार पोर्टरपेक्षा सुमारे १ कोटी ७० लाखांनी कमी होता. ही बचत पदरात पाडून घेण्यासाठी त्यांनी ब्रुकलिनला सोबत २०३२ ची पहिल्या फेरीची निवडही देऊन टाकली.